उन्हाळ्यात घराजवळच एकट्याने तंबू टाकून राहायचं असेल तर काय बघावं?

पहिली रात्र घरापासून तासाभराच्या आतच काढा. काही बिनसलं तर मध्यरात्रीही परत येता येतं, आणि एवढ्या भरवशानंच निम्मी भीती जाते. जागेची परवानगी आधी घ्या, उजेड असतानाच पोहोचा.

मी सगळ्यात जास्त वेळ तंबूची जागा निवडण्यात घालवतो. पूर्वेला झाड किंवा टेकाड हवं, नाहीतर सूर्य वर आला की आत भट्टी होते. डोक्यावर वाळलेली फांदी नको. कोरडं नदीपात्र सपाट आणि मऊ दिसतं, पण तिथे कधीच नाही! वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला तर तुमच्याकडे आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येऊ शकतो.

उन्हात चालताना ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी सहज लागतं, त्या हिशोबाने न्या. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर सावलीत बसा, अंग ओलं करा, त्या दिवशी पुढे जाऊ नका.

आणि घरच्या एकाला तरी नेमकी जागा आणि परतायची वेळ सांगून जा. नुसतं ‘उद्या येतो’ नको. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघायचं, हेही ठरवून ठेवा.