टाकी फुल, काटा मात्र शून्यावर

प्रश्न : पेट्रोल गाडीची टाकी फुल केली तरी इंधनाचा काटा शून्यावरच राहतो, खड्ड्यात कधीतरी उसळून वर जातो. गॅरेजवाले मीटर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : इतक्यात अजिबात नको. खड्ड्याने काटा हलतो, म्हणजे जोडणी ढिली आहे किंवा टाकीतल्या फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या भागाचा) ट्रॅक, म्हणजे त्याची दांडी जिच्यावर सरकते ती पट्टी, झिजलाय.

पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखालच्या झाकणाखाली टाकीतल्या इंधन पंपाचा आणि फ्लोटचा एकत्र कनेक्टर असतो. चावी बंद करून तो काढा. पिना हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर आधी त्या साफ करा. वायरिंग डायग्रामवरून फ्लोटच्या दोन पिना ओळखा (बाकीच्या पंपाच्या) आणि मल्टिमीटरने ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा. मल्टिमीटरवर ओएल (मापाबाहेर) आलं तर फ्लोटचं सर्किट तुटलंय. आकडा आला तर तो सर्व्हिस मॅन्युअलशीच ताडा. काही गाड्यांत फुल टाकीला ओहम कमी, काहींत जास्त.

फ्लोट ठीक निघाला तर गाडीकडच्या वायरी बघा. अर्थिंगची वायर ते बॉडी १ ओहमपेक्षा कमी हवं. गंजलेलं अर्थिंग फार वेळा दगा देतं. चावी चालू करून सिग्नल वायरवर (फ्लोटकडून काट्याकडे जाणाऱ्या) व्होल्टेज तपासा, पुष्कळ गाड्यांत ५ व्होल्टच्या आसपास येतं. शून्य आलं तर वायर तुटलेली असू शकते. सिग्नल वायर बॉडीला टेकवून काटा बघण्याची जुनी युक्ती नव्या गाड्यांत करू नका.

फ्लोट बाहेर काढायचाच असेल तर टाकी अर्ध्याखाली आणा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, जवळपास ठिणगी नको. मल्टिमीटर जोडून फ्लोटची दांडी हाताने सावकाश फिरवा. आकडा मध्येच गायब झाला तर फ्लोट युनिट बदला.