इंग्लंडमधील प्राथमिक शाळेला मिळणाऱ्या ‘प्युपिल प्रीमियम’ आणि खेळाच्या निधीतील आपल्या मुलाच्या वाट्याची रक्कम पालकांना मागता येते का?

मागता येत नाही. मात्र ती कशी खर्च झाली हे पाहण्याची सोय आहे आणि त्यासाठी शाळेत खेपा घालाव्या लागत नाहीत. मी इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापनात पालकांचा प्रतिनिधी, म्हणजे ‘पेरेंट गव्हर्नर’, म्हणून काम केले असल्यामुळे दोन्ही निधींची कागदपत्रे माझ्या नजरेखालून गेली आहेत.

प्युपिल प्रीमियम, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी शाळेला मिळणारा जादा सरकारी निधी, २०११ मध्ये सुरू झाला. गेल्या सहा वर्षांत केव्हाही मोफत शालेय जेवणासाठी पात्र म्हणून नोंद झालेल्या प्रत्येक मुलामागे शाळेला ठरावीक रक्कम मिळते. २०२४-२५ मध्ये प्राथमिक शाळांसाठी ती १,४८० पौंड होती. डोकी मोजून पैसे येत असले तरी ते त्या त्या मुलाच्या नावे बाजूला ठेवले जात नाहीत. शिक्षकांचे प्रशिक्षण, वाचनात मागे पडलेल्या चार-पाच मुलांची वेगळी शिकवणी, सकाळच्या न्याहारीचा क्लब अशा गोष्टींवर शाळा ते खर्च करते, आणि त्या शिकवणीत पात्र नसलेले एखादे गरजू मूल बसले तरी त्यात नियमभंग होत नाही. काही पालकांना हा अन्याय वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण वर्गातला रोजचा तास चांगला झाला तर त्याचा सर्वाधिक उपयोग घरी शिकवायला कोणी नसलेल्या मुलालाच होतो.

खरी गळती दुसरीकडेच होते. सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सर्वच मुलांना सरकारी शाळेत दुपारचे जेवण मोफत मिळते, त्यामुळे “जेवण तर फुकटच आहे, मग फॉर्म कशाला भरायचा?” असे म्हणून अनेक पात्र कुटुंबे अर्जच करत नाहीत. लंडनमध्ये तर २०२३ पासून महापौरांच्या योजनेतून वरच्या इयत्तांनाही मोफत जेवण मिळू लागल्याने हा फॉर्म विसरणे आणखी सोपे झाले आहे. पण उत्पन्नाच्या निकषावरची ही नोंद झाली नाही, तर शाळेचे पैसे बुडतात, आणि एका मुलासाठी सहा वर्षांचा हिशेब २०२४-२५ च्या दराने केला तर ती रक्कम ८,८८० पौंड होते. तुमचे उत्पन्न कमी असेल तर काउन्सिलचा (स्थानिक प्रशासनाचा) किंवा शाळेचा अर्ज जरूर भरा. व्हिसावर सरकारी मदतीची मुभा नसलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही मोफत जेवणासाठी अर्ज करता येतो, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसते.

खेळाच्या निधीचा गरिबीशी थेट संबंध नाही. लंडन ऑलिम्पिकनंतर, २०१३ मध्ये, तो सुरू झाला आणि २०१७ मध्ये दुप्पट झाला; त्या वाढीचा आधार साखरयुक्त पेयांवरील कर हा होता. दुप्पट झाल्यानंतरचे सूत्र असे, की पहिली ते सहावीत १७ किंवा अधिक मुले असलेल्या शाळेला वर्षाला १६,००० पौंड आणि शिवाय प्रत्येक मुलामागे १० पौंड. म्हणजे १८० मुलांच्या शाळेला १७,८०० पौंड. लहान रक्कम नव्हे ही! मात्र शिक्षकांना तयारीसाठी मोकळा वेळ देताना त्यांच्या जागी बाहेरचा प्रशिक्षक उभा करण्यासाठी, किंवा मैदान बांधण्यासारख्या भांडवली कामासाठी, हे पैसे वापरता येत नाहीत. सरकारचा आग्रह टिकाऊ सुधारणेचा असतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ शाळा प्रशिक्षक भाड्याने आणतात, मुले काही महिने आनंदाने खेळतात आणि तो गेला की शिक्षक पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून शाळेला विचारायचेच असेल, तर किती खेळ शिकवले हे न विचारता, प्रशिक्षकासोबत मैदानावर वर्गशिक्षकही उभे होते का, हे विचारावे.

दोन्ही हिशेब शाळेच्या संकेतस्थळावर मिळतात: प्युपिल प्रीमियमचे नियोजन ३१ डिसेंबरपर्यंत आणि खेळाच्या निधीचा अहवाल ३१ जुलैपर्यंत प्रसिद्ध करावा लागतो. दुसऱ्या अहवालात सहावीतील किती टक्के मुलांना २५ मीटर पोहता येते, हेही द्यावे लागते. मी आधी तोच आकडा पाहतो, कारण बाकीचा मजकूर गोलमोल लिहिता येतो. तो कमी दिसला, तर राहिलेल्या मुलांच्या जादा पोहण्याच्या तासांसाठी हाच निधी वापरण्याची परवानगी आहे, हे मुख्याध्यापकांच्या नजरेस आणून द्यायला हरकत नाही.