माव्याच्या अंगातले 'परोपजीवी'?

चोपड्याच्या एका वाचकांनी विचारलंय: कपाशीच्या किडींवरच्या एका पत्रकात 'माव्याच्या अंगातले परोपजीवी जिवाणू' असं छापलंय, तिथे 'सहजीवी' हवं होतं का?

हवं होतं. अंगात शिरलेल्या कुठल्याही जिवाला हल्ली सरसकट 'परोपजीवी' म्हणतात, त्याचा वीट आलाय. परोपजीवी आहे तो मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, कपाशीच्या जिवावर. त्याच्या अंगातला बुख्नेरा नावाचा जिवाणू नव्हे. कपाशीच्या रसात साखर मुबलक (जास्तीची चिकटा होऊन पानावर गळते), पण आवश्यक अमिनो आम्लं जेमतेम. ती हा जिवाणू पुरवतो. प्रतिजैविकाने तो मारला की मावा खुरटतो, वीण जवळपास थांबते.

आता गंमत पाहा. 'परोपजीवी'त 'पर' काढला तरी 'उपजीवी' उरतो, म्हणजे कशावर तरी अवलंबून जगणारा. ज्यावर जगायचं ते 'उपजीव्य'. संस्कृत काव्यचर्चेत रामायण-महाभारताला उपजीव्य म्हणतात, कारण पुढचे कवी त्यांच्यावर जगले. शाकुंतलाचं उपजीव्य महाभारत. कालिदासाला कुणी बांडगूळ म्हणालं का? 'उपजीविका' तर आपण सगळेच करतो. या शब्दात हिणवणं मुळी नव्हतंच, ते 'पर'नं आणलं असं माझं ठाम मत. बुख्नेरा आणि मावा एकमेकांचे उपजीव्य आहेत. जिवाणू माव्याबाहेर जगत नाही, आईकडून पिल्लात उतरतो. म्हणून मी 'अन्योन्योपजीवी' सुचवतो. जीभ अडखळेल, अडखळू दे.

'सहजीवन म्हणजे दोघांचाही फायदा' असं शिकवणाऱ्या गुरुजींशी मात्र माझं जमत नाही. डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये 'सिंबायोसिस' (आपलं सहजीवन) ही संज्ञा मांडली ती भिन्न जीवांच्या एकत्र राहण्यासाठी, आणि त्यात परजीवीही धरले होते. फायद्याची अट नंतर चिकटली. लग्नपत्रिकेतल्या सहजीवनात तरी दोघांचा फायदा ठरलेला असतो का?

शेतकऱ्याला याचं काय? 'मावा पडना' म्हटलं की फवारणी, एवढंच ठाऊक. पण वाटाण्यावरच्या माव्यात हॅमिल्टोनेला नावाचा दुसरा एक जिवाणू असला, तर माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या मित्रगांधीलमाशीची अळी बऱ्याचदा आतच मरते. मित्रकीटक सोडूनही मावा हटला नाही, तर दोष दर वेळी मित्रकीटकाचाच असतो असं नाही. म्हणून शेतात प्रतिजैविक फवारायला मात्र जाऊ नका. प्रयोगशाळेतली गोष्ट तिथेच बरी.