जुन्या ट्यूब अॅम्प्लिफायरमध्ये नव्या ट्यूब नुसत्या बदलून चालतील का? बायस कसा सेट करायचा?

चार ईएल३४ आउटपुट ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब) असलेला जुना अॅम्प, नवा मॅच्ड, म्हणजे सारखा करंट घेणाऱ्या ट्यूबचा, संच आणून ठेवलाय, आणि ‘काढायच्या, घालायच्या, झालं’ असं चालेल का, हा तुमचा प्रश्न. ईसीसी८३सारख्या छोट्या ट्यूबच्या बाबतीत चालतं. आउटपुट ट्यूबच्या बाबतीत नाही. आणि माझं ऐकाल तर बायसच्या आधी रिकामे सॉकेट तपासा.

हे मी एक जोडी जाळून शिकलो. नव्या ट्यूब घातल्या, गाणं लावलं, पाचएक मिनिटांत एका ट्यूबची राखाडी प्लेट मधोमध लालबुंद झाली. मला वाटलं, ट्यूबच खराब निघाली. दुसरी घातली, तीही त्याच सॉकेटमध्ये लाल! दोष ट्यूबचा नव्हताच. आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर गळत होता. त्यातून धन डीसी ग्रिडवर (ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या जाळीवर) येत होता आणि ग्रिडवरचं ऋण व्होल्टेज खाऊन टाकत होता. ते व्होल्टेज म्हणजेच बायस, ट्यूबचा ब्रेक. तो सुटला की करंट बेफाम होतो.

म्हणून आउटपुट ट्यूब काढून अॅम्प थोडा वेळ चालू करा आणि प्रत्येक सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, चॅसिसच्या (अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत व्होल्टेज मोजा. फिक्स्ड बायसच्या अॅम्पमध्ये (प्रकार खाली सांगतो) साधारण उणे तीस ते चाळीस व्होल्ट दिसतील, सेल्फ-बायसमध्ये शून्याजवळ. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. फिक्स्ड बायसमध्ये एखादा शून्याकडे सरकलेला असेल, तर तिथला कपॅसिटर आधी बदला. चारही कमी असतील, तर बायस सप्लायचा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला असण्याची शक्यता जास्त.

आता जिवाची गोष्ट. आत चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. १० किलोओमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा, मग मीटरने खात्री करा. मीटरच्या क्लिपा अॅम्प बंद असतानाच लावा. चालू अॅम्पमध्ये हात घालायची वेळ आलीच तर एकच हात, दुसरा खिशात. ट्यूब बसवल्यावर स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता अॅम्पचे दोन प्रकार. कॅथोड (ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि चॅसिस यांच्यामध्ये काहीशे ओमचा जाडजूड रेझिस्टर असेल, तर तो सेल्फ-बायस अॅम्प. तिथे फिरवायला काही नसतं. दुसरा प्रकार फिक्स्ड बायस. नाव फसवं आहे, कारण सेट करावा लागतो तो हाच.

आता हिशेब. ईएल३४ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट सोसते. सिग्नल नसताना त्याच्या ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅट, ही माझी वरची मर्यादा. प्लेटवर, म्हणजे ३ नंबरच्या पिनवर, ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे सुमारे ३९ मिलिअँपिअर. मी ३५-३६ वरच थांबतो. आवाजात मला फरक कळत नाही आणि ट्यूब जास्त टिकते.

करंट मोजायला प्रत्येक ट्यूबचा कॅथोड (८ नंबरची पिन) आणि चॅसिस यांच्यामध्ये १ ओमचा रेझिस्टर टाका. मग मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. यात स्क्रीनचाही (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) थोडा करंट मिसळलेला असतो, म्हणजे प्लेटवर प्रत्यक्षात कमीच. चूक सुरक्षित बाजूला होते. ईएल३४च्या सॉकेटवर १ नंबरची पिन ८ला जोडलेली असते, रेझिस्टर टाकताना तो जोड तोडू नका.

सुरुवातीला बायसचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) सर्वांत जास्त ऋण बाजूला ठेवा, आवाज शून्यावर. मग हळूहळू करंट वाढवा. करंट वाढला की प्लेटचं व्होल्टेज थोडं खाली येतं, म्हणून भागाकार पुन्हा करा. अर्ध्या तासाने ट्यूब तापल्यावर परत मोजा, तेव्हा आकडा हललेला असतोच. चारांना मिळून एकच पॉट असेल, तर सर्वांत जास्त करंट घेणाऱ्या ट्यूबवरून सेट करा. वीसेक तास वाजवून झाल्यावर आणखी एकदा बघा, नव्या ट्यूब तोवर जरा सरकतात.