टांग्याच्या साजाला बक्कल ठेवावे की झटपट सुटणारी कडी लावावी?

महाबळेश्वरात टांगा चालवणाऱ्यांनी गाडी ओढणाऱ्या दोन्ही पट्ट्यांना झटपट सुटणारी कडी अवश्य लावावी, असे माझे मत आहे. साध्या बक्कलाचा काटा भोकातून काढण्यासाठी पट्टा आधी थोडा आणखी ओढावा लागतो, आणि उतारावर घोडा घसरून पडला व पट्टे ताणले गेले की नेमके तेच हाताला जमत नाही. मग चाकूने चामडे कापण्यावाचून इलाज उरत नाही. झटपट सुटणाऱ्या कडीत आकड्याच्या तोंडावर सरकती नळी असते. ती अंगठ्याने मागे ओढताच आकडा खिळीवर फिरून ताण असतानाही उघडतो. पोटाखालच्या तंगाला मात्र बक्कलच बरे, कारण तेथे एकेका भोकाने घट्ट-सैल करावे लागते. कडी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी, कारण इथल्या पावसात लोखंडी नळी गंजून जाम होते. (ओतीव जस्ताची चकचकीत कडी कुत्र्याच्या साखळीपुरती ठीक.) कडी कितीही सहज सुटत असली, तरी घोडा गाडीपासून पूर्ण मोकळा होईपर्यंत त्याचा लगाम उतरवू नये.