हौशी संस्थेने गिल्बर्ट-सलिव्हनचा (शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचं) विनोदी ऑपेरेटा, म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक, पहिल्यांदाच बसवायचा असेल, तर कुठला घ्यावा आणि तालमी कशा आखाव्यात?

समजा, कोरसला (समूहगायनाला) बायका भरपूर आणि पुरुष आठ-नऊच आहेत. मग ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ (१८७९) तूर्त नको. दुसऱ्या अंकात चाचे आणि पोलीस एकाच वेळी रंगमंचावर येतात, त्यामुळे तीच माणसं दोन्हीकडे चालत नाहीत. शिवाय प्रत्येक अंकाला वेगळं नेपथ्य. त्यापेक्षा ‘एचएमएस पिनाफोर’ (१८७८) घ्या. दोन्ही अंक एकाच जहाजाच्या डेकवर घडतात, दुसऱ्यात फक्त रात्रीचा प्रकाश. नायक रॅल्फसाठी टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष) मात्र पक्का हवा. तो मिळाल्याशिवाय नाटक जाहीर करू नका.

मूळ शब्द आणि संगीत ब्रिटनमध्ये हक्कमुक्त आहेत (गिल्बर्ट १९११ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क १९६१च्या अखेरीस संपला). नव्याने संपादित केलेल्या प्रतींवर आणि वाद्यवृंदाच्या भागांवर मात्र हक्क असू शकतो, ते तपासा. सगळ्यांकडे एकाच आवृत्तीची स्वरलिपी हवी. नाहीतर अर्धी तालीम ‘कुठलं पान?’ यातच जाते.

आठवड्याला दोन तालमी धरल्या तर बारा-चौदा आठवडे लागतात. पहिले चार-पाच फक्त गाण्यांना द्या, हालचाली नंतर. भरभर म्हणायची गाणी आधी चालीशिवाय, नुसत्या लयीत बोलायची. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवून सुरुवात करा, एकही शब्द न गाळता तीनदा म्हणता आलं की चार-चार ठोक्यांनी वाढवा. गायक अडखळतो तो बहुधा श्वासामुळे, म्हणून श्वासाच्या जागा पेन्सिलीने आखून घ्या. कोरसमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन सगळ्यांनी एकाच क्षणी तोडलं नाही, तर विनोद शेवटच्या रांगेपर्यंत पोचतच नाही.

अभिनयात सर्वांत मोठा घोळ म्हणजे हसवायचा प्रयत्न. गिल्बर्टचा आग्रह होता की कितीही वेडगळ प्रसंग पूर्ण गांभीर्याने करायचा. ‘पिनाफोर’मधला नौदलमंत्री सर जोसेफ स्वतःला थोर समजतो, म्हणून तो विनोदी आहे. डोळे मिचकावले की संपलं.

छोट्या सभागृहात पूर्ण वाद्यवृंद आवाज गिळतो. पियानो आणि चार-पाच वाद्यं माझ्या मते पुरे. गायक-वादकांची एकत्र तालीम रंगीत तालमीच्या आधी, बसून, वेशभूषेशिवाय घ्या.

आणि ‘पिनाफोर’मधल्या ‘नेव्हर माइंड द व्हाय अँड व्हेअरफोर’ या गाण्याला वन्समोअर देण्याचा जुना प्रघात आहे. किती वेळा द्यायचा आणि दर खेपेला काय वेगळं करायचं, हे वादकांनाही आधीच सांगून ठेवा.