‘हॅड रिपेअर्ड’ की ‘हॅड माय स्कूटर रिपेअर्ड’?

‘आय हॅड कट माय हेअर’ आणि ‘आय हॅड माय हेअर कट’ यांत फरक काय, आणि हॅव, गेट, मेक यांपैकी कोणते क्रियापद केव्हा वापरावे, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या वाक्यात केस तुम्ही स्वतः, आधीच कापले होते. दुसऱ्यात ते कापून घेतले. मात्र ही रचना शिकायला ‘कट’ गैरसोयीचे आहे, कारण त्याची तिन्ही रूपे सारखीच असल्यामुळे तिसरे रूप कुठे आले ते दिसतच नाही. त्याऐवजी स्कूटर घेऊ.

‘आय हॅड रिपेअर्ड माय स्कूटर’ हा साधा पूर्ण भूतकाळ आहे. पाना तुमच्याच हातात होता. ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड इन सीताबर्डी’ म्हटले की काम मेकॅनिकने केले. शब्द तेच आहेत, पण कर्म ‘हॅड’ आणि तिसरे रूप यांच्या मध्ये येताच काम करणारा बदलतो. सगळी मेख या जागेत आहे. आपण मराठीत ‘काल केस कापले’ असे सहज म्हणतो आणि न्हावी त्यात गृहीत असतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय कट माय हेअर’ तोंडात येते. इंग्रजी ऐकणारा मात्र कात्री तुमच्या हातात आहे असे समजतो. घराचे तसे नाही. मनीषनगरात गवंड्याकडून घर बांधून घेतलेला माणूस ‘आय बिल्ट अ हाउस’ म्हणाला, तर कोणी गैरसमज करून घेत नाही.

या रचनेत ‘हॅव’ मुख्य क्रियापद असते, साहाय्यक नव्हे. म्हणून प्रश्न ‘डिड यू हॅव युअर स्कूटर रिपेअर्ड?’ असा होतो आणि नकार ‘आय डिडन्ट हॅव इट रिपेअर्ड’ असा. परीक्षेच्या तयारीतली हुशार मुलेसुद्धा इथे ‘हॅड यू’ने सुरुवात करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

‘गेट’ याच जागी चालते, बोलण्यात जास्त: ‘गेट युअर मार्कशीट अटेस्टेड’. पण काम करणाऱ्या माणसाचा उल्लेख आला की वाटा वेगळ्या होतात. ‘आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द कूलर’ यात ‘टू’ नाही, तर ‘आय गॉट द इलेक्ट्रिशियन टू चेक द कूलर’ यात ‘टू’ हवाच. पहिल्यात नुसते काम सांगणे आहे. दुसऱ्यात बऱ्याचदा मनधरणी किंवा पाठपुरावा डोकावतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात कूलर दुरुस्त करून घ्यायचा असेल तर हेच वाक्य वस्तुस्थितीला धरून वाटते.

‘मेक’ म्हणजे ‘करायला लावणे’. त्यात समोरच्याच्या इच्छेला वाव नसतो. ‘दे मेड अस वेट’ यात ‘टू’ नाही, पण कर्मणी प्रयोगात तो परत येतो: ‘वी वेअर मेड टू वेट’. रिकाम्या जागा भरताना यावर जरूर लक्ष ठेवावे. ‘हॅव’चा असा कर्मणी प्रयोग होत नाही.

एक सावधगिरी. ‘शी हॅड हर पर्स स्नॅच्ड इन इतवारी’ याची रचना स्कूटरच्या वाक्यासारखीच आहे, पण तिने कोणाला काही करायला सांगितलेले नाही. तिच्यावर तो प्रसंग ओढवला. मराठीत हे ‘इतवारीत तिची पर्स हिसकावली गेली’ असेच लिहावे.